लिंबू शाबूत, गाडी आडवी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पावणेसात वाजता मी दुसऱ्याच्या मोटरसायकलची पूजा केली आणि ती आडवी पाडली.

यात दोन गुन्हे आहेत, हे मला मान्य आहे. पण पहिल्या गुन्ह्यामागची बाजू ऐकून घ्या. सिंगापूरला येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात चाकं असलेली एकच वस्तू माझ्या ताब्यात आली होती, ती म्हणजे वन-नॉर्थच्या ऑफिसातली खुर्ची. इथं गाडीपेक्षा गाडी बाळगायचा परवाना महाग. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, दारापाशी येते, वेळेवर येते, थंडगार असते, त्यामुळे एरवी गाडीची आठवण होत नाही. पण दसरा आला की पुण्याच्या माणसाचा हात हळदकुंकवाकडे वळतो आणि समोर वाहन नसलं की तो हात हवेत राहतो. आदल्या वर्षी मी लॅपटॉपची आणि एमआरटीच्या कार्डाची पूजा करून पाहिली होती. स्टेशनवरच्या बाईंनी ते कार्ड हातात घेऊन, लाल डाग नखानं खरवडून, माझी बोटं कापली आहेत का, असं काळजीनं विचारलं होतं.

आमची इमारत बेडोकमधली, तेरा मजल्यांची. समोरच बहुमजली कार पार्क. त्याच्या तळमजल्यावर मोटरसायकलींची रांग, आणि रांगेच्या टोकाला, जिथं भिंत संपून बाहेरचा चाफा आत डोकावतो तिथं, करड्या आच्छादनाखाली एक गाडी झोपलेली असे. झोपलेलीच म्हणायला हवं. बाकीच्या गाड्या सकाळी जात, संध्याकाळी परत येत. ही कुठंच जात नसे. स्टेशनकडे जायचा माझा आडमार्ग तिच्याजवळून होता, आणि जवळजवळ वर्षभर मी तिला रोज पाहत होतो. आच्छादनावर चाफ्याची फुलं पडत, तिथंच वाळत. दोन साळुंक्या सीटच्या उंचवट्यावर बसून भांडत. पाऊस आडवा आला की आच्छादनाच्या घड्यांत लहान लहान तळी साचत आणि त्यांत दिवसभर कार पार्कचे दिवे तरंगत. सकाळच्या अर्धवट झोपेत मला कधीकधी वाटे की ती श्वास घेते आहे.

या बिचारीला दसऱ्याला फूल कोण वाहणार, असा विचार माझ्या मनात आला. विचार चांगला होता. पुढचं सगळं त्यानंच बिघडवलं.

टेक्का बाजारातून मी झेंडूचा हार आणला होता. आच्छादन पुढून उचललं. आत लाल रंगाची जुनी जपानी मोटरसायकल निघाली, टाकीवर धूळ, पण कुठं पोचा नाही. हँडलला हार घातला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता गाडी वीतभर पुढे जाऊन लिंबू चिरडलं गेलं की पूजा पुरी. मी ढकललं. टायर बसलेले, गाडी हलेना. मग एका हातात नारळ धरून मी मागून खांदा लावला. ती एकदम हलली. गाडी पुढे सरकली की तिचा तिरका स्टँड आपोआप मिटतो, ही गोष्ट सायकल चालवणाऱ्या पोरालाही कळते. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे.

तो आवाज कार पार्कच्या सगळ्या मजल्यांनी ऐकला आणि एकमेकांना सांगितला. लिंबू शाबूत होतं. गाडी आडवी होती. टाकीतून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं.

"काय करून राहिले तुम्ही?" मागून कुणीतरी म्हणालं.

सिंगापुरात पकडलं जाणं वेगळं आणि सिंगापुरात मराठीत पकडलं जाणं वेगळं. वळून पाहिलं तर अठ्ठावन्न-साठीच्या एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, खांदे रुंद, पांढरीशुभ्र साडी, हातात पर्स. त्यांनी क्रमानं गाडी पाहिली, हार पाहिला, स्वस्तिक पाहिलं, नारळ पाहिला आणि शेवटी मला पाहिलं. मग साडीचा काठ सावरून त्या खाली बसल्या, टाकीखाली हात घालून कसलीशी चावी फिरवली, आणि गळणारे थेंब थांबले. उठताना त्यांनी चाकाजवळचं लिंबू उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

गाडी त्यांचीच होती. आम्ही दोघांनी ती उभी केली, म्हणजे त्यांनी केली आणि मी नारळ धरून मदत केली. मी भरपाईचं बोलू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. ही गाडी भंगारात द्यायचं ठरलं होतं, सोमवारी माणूस न्यायला येणार होता. मी तिला तीन दिवस आधी झोपवलं, इतकंच. खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला हायसं वाटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात एक किडकिडीत गृहस्थ कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. बनियन, पायजमा, आणि एवढ्या सकाळी डोळ्यांवर काळा चष्मा. तोंड आमच्याकडे नव्हतं, जरा बाजूला होतं.

"बेबी, आपली पडली काय?"

"हो."

"डाव्या अंगावर?"

"हो."

"मग क्लचची मूठ तुटली असंल."

खाली पाहिलं तर खरंच हँडलच्या डाव्या बाजूची मूठ मोडून लोंबत होती. बाई मात्र गाडीकडे पाहत नव्हत्या. त्या वर पाहत होत्या. पर्स खांद्यावरून कोपरापर्यंत घसरली तरी त्यांना कळलं नाही. मला वाटलं, नुकसानीचा हिशेब चालला असेल. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "रविवारी सात वाजता या. जुने कपडे घालून. आणि कुंकू आणू नका."

घरी आल्यावर मी सगळी हकिकत सांगितली. माझी बायको ऋता हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नारळ कुठे आहे, एवढंच विचारलं. आमची आठ वर्षांची इरा मात्र न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं, शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट युवर बाइक लाह."

रविवारी मी गेलो तेव्हा बेबीताईंनी जमिनीवर चिनी वर्तमानपत्रं अंथरली होती. अंगात मळखाऊ पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली. शेजारी हत्यारांची पेटी आणि इडलीपात्राच्या चार ताटल्या. या ताटल्या कशाला, हे मी विचारलं नाही. भूक लागली तर सोय, असं मनाशी ठरवून टाकलं. मग कळलं की काढलेला प्रत्येक स्क्रू त्या ताटलीतल्या एकेका खळग्यात जायचा, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, आणि वहीत त्याची नोंद व्हायची. पहिली ताटली, दुसरा खळगा, कार्बोरेटरचा खालचा स्क्रू, सात वाजून बावीस मिनिटं. बेबीताई वन-नॉर्थजवळच्या एका प्रयोगशाळेत सोळा वर्षं तंत्रज्ञ होत्या. म्हणजे माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर त्या रोज होत्या आणि मला पत्ता नव्हता. तिथल्या तरुण शास्त्रज्ञांकडून त्या काचेची भांडी तीन तीनदा धुवून घेत. म्हणून ती मुलं त्यांना 'मॅडम बेबी' म्हणत आणि बिचकून असत.

माझं काम टॉर्च धरायचं. मी ती निरांजनासारखी हळूहळू फिरवू लागलो, तर त्या म्हणाल्या, "प्रबोधभाऊ, ओवाळू नका. एका जागी धरा."

आता पुण्याच्या माणसाची एक खोड आहे. ओळख झाल्यावर दहा मिनिटांत तो गाव विचारतो, पंधराव्या मिनिटाला आडनाव. मी दोन्ही विचारलं. गाव नागपूर, हे सरळ मिळालं. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मेश्राम. पुरे की आणखी काही पाहिजे?"

पुरे होतं. कान तापले की टॉर्चचा उजेड हलतो, हे मला त्या दिवशी कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की दसऱ्याला पांढरी साडी नेसून त्या कुठं निघाल्या होत्या. विहारात, त्या म्हणाल्या. तो त्यांचा दीक्षेचा दिवस. ऑफिसात दरवर्षी त्या दिवसाची रजा जानेवारीतच टाकलेली असते. आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी मी त्यांच्या टाकीवर स्वस्तिक रेखून, चाकाखाली लिंबू ठेवून मोकळा झालो होतो. मी पाहिलं, टाकी स्वच्छ होती.

"पुसलं मी ते," त्या म्हणाल्या. "रॉकेलनं. रंग नाही गेला."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. भांडं धुतलं, डाग निघाला, अशा सुरात म्हटलं, आणि त्यामुळे मला ते जास्त लागलं. मग बहुधा माझा चेहरा पाहून त्यांना दया आली, कारण कार्बोरेटर हातात फिरवत त्या आपणहून बोलू लागल्या. वडील अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर. दरवर्षी त्या दिवशी ते या पोरीला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेत. खांद्यावरून पाहिलं की सगळीकडे पांढरं, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं, जणू कापूस वेचायचा राहून गेला आहे. रात्री तिथंच सतरंजीवर झोपायचं. आणि घरी परतताना एक पुस्तक घ्यायचंच, मग पोटाला चिमटा बसो. एका वर्षी वडिलांनी इंजिनदुरुस्तीचं पुस्तक घेतलं. आईनं कपाळावर हात मारला. बेबीताईंनी वाचायला शिकून घेतलं ते त्या पुस्तकावर. बाकीच्या पोरी 'कमळ बघ' वाचत होत्या, तेव्हा या 'पिस्टन वर जातो, पिस्टन खाली येतो' असं मोठ्यानं म्हणत होत्या.

मी टॉर्च धरून ऐकत होतो. बाहेर चाफ्यावरून ऊन खाली उतरत होतं. आमच्या घरी त्या दिवशी यंत्राला फुलं वाहतात, त्यांच्या घरी पुस्तक आणतात, आणि त्यांच्या वडिलांनी दोन्हींचं भांडण परस्पर मिटवून टाकलं होतं. यंत्राचंच पुस्तक आणून.

त्या रविवारी गाडीची एकूण अवस्था कळली. मागच्या नोव्हेंबरात वार्षिक तपासणी करून आणली, उभी केली, ती उभीच. अकरा महिने. पण बेडोकला समुद्र जवळ, खाऱ्या दमट हवेतले अकरा महिने म्हणजे एक जन्म. बॅटरी मेलेली, चेनला तांबडी बुरशी धरावी तसा गंज, आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याला जुन्या वार्निशाचा वास येत होता. या नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पुन्हा तपासणीत पास झाली नाही, तर रस्त्यावर आणायचा हक्क संपणार आणि गाडी भंगारातच जाणार. मग मी जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला. भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं, तर मग बेत का बदलला?

बेबीताईंनी उत्तर द्यायच्या आधी कार्बोरेटरच्या पोटातून पितळेचा एक मणी काढला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि उजेडासमोर धरला. त्याला जेट म्हणतात. त्यातल्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. भोक बुजलं होतं.

"हे कधी मागं बसल्याशिवाय राहिले नाहीत," त्या म्हणाल्या.

हे म्हणजे शिवदास, वरच्या व्हरांड्यातले. जहाजाच्या गोदीत नकाशे काढायचं काम करत. चौऱ्याण्णव साली दोघं नागपूर सोडून इथं आले. मोटरसायकलचा परवाना काढायला शिवदास तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. चौथ्यांदा बेबीताई बसल्या आणि पहिल्या झटक्यात पास झाल्या. तेव्हापासून व्यवस्था ठरून गेली. बाई पुढे, बुवा मागे, मांडीवर दोघांचे डबे. पहाटे साडेपाचला निघायचं, समुद्राकाठच्या रस्त्यानं पश्चिमेकडे. नांगरलेल्या जहाजांचे दिवे पाण्यावर असे पसरलेले असत की समुद्रात दुसरं एक गाव वसलं आहे, आणि तिथली माणसंही आता डबे भरून कामाला निघतील. शिवदास मागून जहाजं मोजत. किती झाली ते शिपयार्डच्या बसथांब्यावर उतरताना सांगत. पंधरा वर्षं. पावसात सुद्धा.

मग मधुमेहानं आधी उजवा डोळा गेला. मागच्या डिसेंबरात डावाही गेला. डॉक्टरांनी काठी दिली, शिकवणारी बाई घरी पाठवली, शेजाऱ्यांनी हात धरून न्यायची तयारी दाखवली. शिवदास खुर्चीत बसले ते बसलेच. बाजारात नाही, विहारात नाही, दाराबाहेरच्या व्हरांड्यातसुद्धा नाही. फार आग्रह झाला की म्हणत, मला कुठं नेऊन काय दाखवणार आहेस?

"दाराबाहेर सुद्धा नाही?" मी विचारलं.

"नाही."

"पण त्या दिवशी तर..."

"जेट धरा," बेबीताई म्हणाल्या. "हरवू नका."

दुसऱ्या रविवारी मी तुटलेल्या मुठीच्या जागी नवी मूठ घेऊन गेलो. काकी बुकित भागातल्या गॅरेजांच्या गल्ल्यांतून हिंडून मिळवली होती आणि मला तिचा एवढा अभिमान वाटत होता की वाटेत दोनदा पिशवी उघडून पाहिली. ती उजव्या हाताची निघाली. बेबीताईंनी नुसता श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी मी डावी आणली आणि उजवी माझ्या ऑफिसच्या टेबलावर आजही आहे. मीटिंगमध्ये ती हातात घेऊन मी विचार करतो. लोकांना वाटतं, काहीतरी व्यवस्थापनशास्त्रातलं असेल.

त्या रविवारचं मला फार काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं. बेबीताई ब्रशमधून उपटलेल्या पितळी तारेनं जेटचं भोक साफ करत होत्या. एक तास, दीड तास, तेवढंच. मी वर्तमानपत्रावर मांडी घालून बसलो होतो. खांबाला टेकल्यावर वरच्या मजल्यांवरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर पाठीत येई, लांबून, ढगांसारखी. साळुंक्या आल्या, सीटवर आच्छादन नाही हे पाहून नाराज झाल्या, गेल्या. मला पुण्याची माझी स्कूटर आठवली. सिंगापूरला निघताना ती मी फोनवर चार मिनिटांत विकली होती. कोण घेऊन गेलं, मी पाहिलंसुद्धा नाही. आता कुठं असेल, कुणाला मागे बसवत असेल. डोळे मिटले तर ती खडकवासल्याच्या वाटेवर एकटीच चालली होती, वर कुणी नाही, दिवा मात्र लावलेला.

"झोपले काय?" बेबीताईंनी जेट माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्या केसाएवढ्या भोकातून सकाळ दिसत होती. सगळी.

तिसऱ्या रविवारी गाडी जोडून झाली. इडलीच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, एकही स्क्रू उरला नाही, एकही कमी पडला नाही. नवी बॅटरी, नवं पेट्रोल. टायरांत हवा भरली तशी गाडी दोन बोटं उंच झाली आणि एकदम तरुण दिसू लागली. बेबीताईंनी किक मारली. काही नाही. दुसरी. दहावी. विसाव्या किकेला इंजिन खोकल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी किक मारू का विचारलं, तर त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा स्वतःच किक मारली.

तिसाव्या किकेनंतर त्या सीटवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत प्रथमच मला त्यांचं वय दिसलं. गाडी बंद पडली तर भंगारात जाईल, एवढंच ते नव्हतं. गाडी नाही म्हणजे वरच्या खुर्चीतला माणूस तिथंच राहणार, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

"बेबी." वरून आवाज आला. शिवदास व्हरांड्यात होते. कधी आले कुणास ठाऊक. कठडा धरलेला, मान तिरकी, कान आमच्याकडे. "तू हवा जास्त देऊन राहिली. तो खोकला कोरडा आहे."

"तुम्हाले तिथून काय कळते?"

"पंधरा वर्षं मागं बसून काय केलं मी? जहाजं मोजली फक्त?"

बेबीताईंनी ओठ मुडपले, खाली बसल्या, कार्बोरेटरच्या बाजूचा लहानसा स्क्रू पाव फेरा आत घेतला. उठल्या. किक.

गाडी सुरू झाली.

सुरुवातीला तो आवाज नव्हता, धूर होता, निळसर, जाड, आणि त्यात बेबीताई कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. मग धुरातून आवाज वर आला. आधी अडखळत, मग एकसारखा, मग असा की जणू कधी थांबलाच नव्हता आणि आपणच इतके दिवस बहिरे होतो. धूर चाफ्यातून बाहेर गेला, उन्हात गेला, इमारतीच्या अंगानं वर चढला. शिवदासांनी तो हुंगला. कठड्यावरचा त्यांचा हात इंजिनाच्या तालावर हलत होता.

बेबीताईंनी ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. धूर डोळ्यांत गेला होता, असं त्या म्हणाल्या. माझ्याही गेला होता.

तपासणी नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी होती. मी त्या दिवशी ऑफिसात बसून फोनकडे पाहत होतो. आमच्या क्लाएंटनं विचारलेल्या तीन प्रश्नांना मी 'नक्कीच' म्हणालो आणि त्याची फळं पुढं सहा महिने भोगली. दुपारी संदेश आला. एकच शब्द, 'पास'. बेबीताई संदेशातही पेट्रोल वाचवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी कार पार्कमध्ये हजर होतो. बोलावलं नव्हतं. शिवदास आले ते बेबीताईंच्या खांद्यावर हात ठेवून, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. पेन कशाला, मी विचारणार होतो, पण म्हटलं, पंधरा वर्षांची सवय असेल. गाडीजवळ आल्यावर त्यांनी खांदा सोडला. हात पुढे करून टाकी शोधली, तिच्यावरून तळवा फिरवला, मग हँडल, मग डाव्या बाजूची नवी मूठ. तिथं बोटं थांबली.

"नवी आहे," ते म्हणाले. "ज्यांनी पाडली ते हेच काय?"

मी हो म्हणालो. त्यांनी हवेत हात पुढे केला, मी तो धरला, आणि त्यांनी माझा हात चांगला जोरात हलवला. एवढ्या जिव्हाळ्याचं कारण काय, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही.

बेबीताईंनी त्यांचं हेल्मेट बांधलं, हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. ते मागे बसले, सरावानं, पाय नेमका पायपट्टीवर. मांडीवर दोन डबे. शनिवार होता, कामाला कुणीच चाललं नव्हतं. तरी डबे होते. गाडी उतारावरून खाली गेली, वळली, आणि रेनट्रीच्या सावल्यांच्या पट्ट्यांतून एकदा लाल, एकदा काळी, एकदा लाल दिसत गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तो संपला की माझ्या डोक्यातच चालू राहिला, हे सांगता येणार नाही. मी खांबाला टेकून मनातल्या मनात त्यांच्या मागोमाग समुद्रापर्यंत गेलो. जहाजं तिथं असतील, दिवे विझवून. ती दिसत नसली तरी मोजता येतात का, असा प्रश्न मला पडला.

दीड तासानं ते परतले. शिवदासांचे केस हेल्मेटनं चपटे झाले होते आणि चेहऱ्यावर तक्रारी मावत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या टोस्टवाल्यानं जागा बदलली आहे, वास आता पलीकडून येतो. समुद्राकाठी कुठलं तरी मोठं बांधकाम काढलं आहे, वारा पूर्वीसारखा लागत नाही. बेबी तिसरा गिअर फार उशिरा टाकते. आणि उद्या निघायचं तर साडेपाचलाच निघायचं, साडेसातला काय मजा. हे सगळं एका दमात सांगून ते भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत, एकटेच वर जायला निघाले. बेबीताईंनी त्यांना हात दिला नाही. नुसतं पाहत राहिल्या, शेवटची पायरी होईपर्यंत.

मग त्यांनी ते करडं आच्छादन उचललं आणि चाफ्याची वाळलेली फुलं झटकून त्याची घडी घालायला घेतली. मी दुसरं टोक धरलं. चादरीची घडी घालतात तसे आम्ही दोघं एकमेकांकडे चालत आलो. इतक्या सगळ्यात आपलाही काही वाटा असावा, असं माणसाला वाटतंच. मी म्हणालो, "बेबीताई, रागावू नका, पण खरं सांगा. माझ्या पूजेचा थोडा तरी गुण आला की नाही?"

त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पुरी केली आणि म्हणाल्या, "पूजेचा नाही. पाडल्याचा."